पेलोटाची भिंत

बेनिताची लोखंडी चूल आली त्या दिवसापासून कासिल्दाच्या तोंडाची चव गेली.

चूल आली तेव्हा हाटेलाच्या भिंती कमरेइतक्याही वर आल्या नव्हत्या. ना छप्पर, ना दार, पण चूल हजर! रेल्वे ठेसनापासून खेचरांच्या गाडीतून, गोणपाटात गुंडाळून आली. पार्डी गाव ते केवढं, तरी झाडून सगळे रस्त्यावर जमले. सहा तोंडांची चूल, चकाकते पाय, भट्टीच्या दारावर उठावाची वेलबुट्टी. चौघांनी कण्हत-कुंथत ती खाली उतरवली आणि बेनितानं स्वतःच्या एप्रननं तिच्यावरची धूळ पुसली.

"जाऊबाई, बगा तरी! एका दमात चाळीस माणसांचा सैपाक निघतो म्हणं हिच्यावर."

"निघंल की," कासिल्दा म्हणाली. "करणारं माणूस पायजे."

तिच्या दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या होत्या. ओढ्यापासून चुन्याच्या खड्ड्यापर्यंत ही तिची सकाळपासूनची अकरावी फेरी. बेनिताला टोमणा कळला की नाही कोण जाणे. ती हसली, आणि चुलीचं दार उघडून आत डोकावून बघत बसली.

आता कासिल्दाची बाजूही ऐकून घ्या. ती थोरली जाऊ. बिस्काईहून, समुद्रापलीकडच्या बास्क लोकांच्या देशातून, या मुलखात पहिली आली ती, एकोणिसाव्या वर्षी. लोकांच्या लॉजात सहा वर्षं चादरी धुतल्या. त्या धुण्याच्या कमाईतून आधी नवऱ्याला, प्रूदेनला, बोलावून घेतलं, मग धाकट्या दिराला, फेर्मिनला. फेर्मिन डोक्यानं तल्लख. मेंढ्या राखण्याचा पगार त्यानं रोख कधी घेतलाच नाही, मेंढ्याच घेतल्या. सात वर्षांत स्वतःचा कळप झाला, मग दुसरा. मग बेनिता आली. त्याच लॉजात कामाला लागली, आणि तीन महिने भांडी घासली नाहीत तोवर फेर्मिनची बायको होऊन बसली. कासिल्दाची सहा वर्षं आणि हिचे तीन महिने! हा हिशेब कासिल्दाच्या मनात रोज सकाळी चूल पेटवताना नव्यानं मांडला जायचा, आणि रोज तिचं डोकं तडकायचं.

प्रूदेनला मेंढ्या मानवल्या नाहीत. तो जातीचा पाथरवट. पण इथं सगळी बांधकामं लाकडाची, नाहीतर आगगाडीनं आलेल्या विटांची. दहा वर्षं त्यानं विहिरी बांधल्या, पावाच्या भट्ट्या बांधल्या, कबरींचे दगड घडवले. मोठी भिंत म्हणून एक लाभली नव्हती. आता भावानं दुमजली दगडी हाटेल काढलं. खाली जेवणाची खोली आणि दारूचा गुत्ता, वर हिवाळ्यात उतरणाऱ्या धनगर पोरांसाठी अठरा खोल्या. आणि पश्चिमेची अख्खी भिंत, एकही खिडकी नसलेली, पेलोटा खेळायला.

"बिनखिडकीची कशाला?" गावातल्या सुतारानं विचारलं होतं.

"चेंडू मारायला," फेर्मिन म्हणाला. सुताराला ते पटलं नाही. पण बास्क पोरांना सांगावं लागत नव्हतं. आठ-आठ महिने डोंगरावर मेंढ्यांशिवाय दुसरं तोंड न बघितलेली ती पोरं. खाली आली की हाताला चिंध्या बांधून भिंतीवर चेंडू हाणायची, हात सुजेपर्यंत. गावात दोन लॉज आधीच होते, दोन्ही फळ्यांचे. फळीवर पेलोटा होत नाही.

त्या साली पाऊस पडलाच नाही. जूनमध्येच ओढ्याचं पाणी घोट्याला लागेना. फेर्मिन रोज घोड्यावरून यायचा आणि खाली न उतरताच बोलायचा.

"दादा, वर गवत संपलं. पोरं सप्टेंबरातच उतरणार. पयल्या दिवशी जिथं टेकतील तिथंच समदा हिवाळा काढतील. भिंत तवर उभी पायजे."

"उभी करतो," प्रूदेन म्हणायचा. "फकस्त घाई करू नगंस. घाईची भिंत माज्यानं व्हत न्हाई."

एका संध्याकाळी सूपात पाव बुडवता बुडवता त्यानं बायकोला मनातलं सांगितलं. "शाळेची कमिटी दगडी शाळा बांधायची म्हणतीय. कमिटीचा तो व्हिटकर काल भिंतीपाशी हुबा व्हता. म्हणाला, तुजी भिंत पुरी झाली की बगू. कासिल्दा, ही भिंत चांगली झाली तर शाळा माजी. शाळा झाली तर कचेरी माजी. मग आपुन कुणाच्या परसात ऱ्हाणार न्हाई."

राहत होते ते फेर्मिनच्याच परसात. दोन खोल्यांचं, मातीच्या छपराचं खोपट. छपरावर गवत उगवायचं आणि वाळायचं.

तेव्हा कासिल्दानं मनापासून मान डोलावली होती. हे सांगायला हवं, नाहीतर तिला उगीच काळी ठरवल्यासारखं होईल.

मजूर ठेवायची सोय नव्हती, म्हणून हाताखाली तीच. दगडी भिंतीला दोन तोंडं असतात. दोन्हीकडून घडीव दगडांच्या फाड्या, आणि मध्ये गाभा. गाभ्यात लहान दगड, चिपा, चुना, सगळं ठासून, हातोड्यानं बसवून भरायचं. प्रूदेननं पहिल्याच दिवशी वाटणी करून टाकली होती. "तोंड म्या बांधतो, पोट तू भर. चेंडूला भिंतीचं तोंड दिसत न्हाई गं, पोट दिसतं. पोट भरीव असलं तर चेंडू माघारी येतो. पोकळ असलं तर तिथंच मरतो."

ती पोट भरायची. सकाळी चौघांचा पाव भाजून परांचीवर चढायची ती सूर्य मावळेपर्यंत. चुन्यानं बोटांची टोकं फाटली, नखांखाली भेगा पडल्या. मेंढीची चरबी लावून चिंध्या बांधायची आणि पुन्हा हात घालायची. दिवस सरला की त्या दिवसाचा थर हातोडीच्या दांड्यानं वाजवायची. टणटण वाजला की भरीव. ढब वाजला की उकरून पुन्हा. प्रूदेन खालून हत्यारं गोळा करता करता ओरडायचा, "वाजवलीस?"

"वाजवली."

मग तो पुढं विचारायचा नाही. बायकोचा शब्द म्हणजे त्याला ओळंब्याच्या दोरीइतका खात्रीचा.

आणि बेनिता? बेनिता दुपारच्याला हॅट घालून यायची. हातात कापडी फीत. कुठं टेबलं, कुठं आरसा, याची मापं घेत हिंडायची. एकदा खालून हाक मारली.

"जाऊबाई, वाईच खाली या की!"

कासिल्दा परांचीवरून उतरली. बेनितानं कागदात बांधलेलं काहीतरी पुढं केलं. तिचा जुना निळा झगा.

"मला आता आखूड व्हतो. फेर्मिननं रीनो शहरातनं दोन आणलेत. तुमाला कामात घालायला बरा. चुन्यानं खराब झाला तरी काय वाटायचं न्हाई."

"मोठं मन तुजं."

"अवो, त्यात काय! घरच्यातच की."

संध्याकाळी कासिल्दानं झगा अंगाला लावून बघितला. काखेत फाटत होता. सहा वर्षं लोकांच्या चादरी पिळून तिचे खांदे रुंद झाले होते, धाकटीचे नव्हते. झगा तिनं चुलीत घातला. तो जळेपर्यंत तिथंच उभी राहिली. तरी मनातली आग काही विझली नाही.

खरी ठिणगी पडली ती दाराच्या दगडावरून.

बिस्काईत घराच्या दारावर दगड असतो, आणि त्या दगडावर नवरा-बायकोचं नाव असतं. माणसाला आडनाव घराचं मिळतं, तिकडची रीतच तशी. प्रूदेननं तो दगड गुपचूप कोरायला घेतला होता, खोपटाच्या सावलीत. कासिल्दा सरपण आणायला गेली आणि तिनं बघितला. वर साल, खाली फेर्मिन, त्याच्या शेजारी बेनिता. बेनिताच्या नावापुढं एक फूल. फुलाला पाच पाकळ्या. एकेक पाकळी बारीक टाकीनं इतकी गुळगुळीत केलेली की बोट फिरवावंसं वाटावं.

"फूल कुणी सांगितलं घालायला?"

"कुणी न्हाई," प्रूदेन म्हणाला. तो खुशीत होता. "जागा उरली व्हती. बरं दिसतंय न्हवं?"

"माजं नाव कदी घातलंत का दगडावर?"

प्रूदेननं वर बघितलं. त्याला प्रश्नच कळला नाही. बापडा सरळ माणूस, सरळच बोलला. "तुजं कुटं घालू? आपलं दार कुटं हाय?"

कासिल्दानं सरपण उचललं. त्या दिवशी बीन्स करपले, आणि तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच तिनं ते तसेच वाढले. पाच पाकळ्या! धाकटीला पाच पाकळ्या आणि मला चुना! तिचं मन दुसरं काही बोलेचना.

दुसऱ्या दिवशी फेर्मिन चार माणसं घेऊन आला. दाराचा दगड चढवायचा होता. प्रूदेनही तिकडं गेला, पूर्वेच्या बाजूला. जाताना सांगून गेला, "छातीच्या उंचीचा थर हाय ह्यो. चेंडू सगळ्यात जास्ती हितंच बसतो. नीट भर."

ती एकटी राहिली. पलीकडून माणसांचा आरडाओरडा ऐकू येत होता. "उचला! हळू! हळू रं!" मग एकदम टाळ्या. मग बेनिताचा आवाज, "आगंबाई, फूल! भावजी, फूल घातलंत माज्या नावाला!"

कासिल्दानं चुन्याचं घमेलं बाजूला ठेवलं. खाली माळावरच्या सेजची वाळकी झुडपं पडली होती. ती मोडून तिनं दोन फाड्यांच्या मधल्या पोकळीत कोंबली. त्यावर सुकी वाळू. त्यावर माती. दोन हात लांब, एक हात उंच, एवढीच जागा. वरून बोटभर चुना फिरवला आणि चिपा नीट मांडल्या. इतक्या महिन्यांत हात पहिल्यांदाच दुखत नव्हते. मरू दे, ती मनात म्हणाली, मरू दे त्यांचा चेंडू इथंच. पोरांना पाठ फिरवू दे. चाळीस माणसांच्या चुलीवर धाकटीला एकटीचं अंडं तळू दे.

संध्याकाळी खालून हाक आली. "वाजवलीस?"

"वाजवली," कासिल्दा म्हणाली.

वरचा थर चढण्याआधी सांगायला तिला दोन दिवस होते. पहिल्या दिवशी तिला समाधान वाटत होतं, म्हणून सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेची आठवण झाली. व्हिटकर आणि त्याची कमिटी आठवली. ती सूपाचं भांडं घेऊन नवऱ्यापर्यंत गेलीसुद्धा. तेवढ्यात बेनिता आली आणि म्हणाली, "जाऊबाई, हाटेल सुरू व्हायच्या दिवशी तुमी मागच्या दारानं आलात तरी चालंल, पुढं पाहुणे असतील." झालं! आलेला शब्द तिनं गिळला. तिसऱ्या दिवशी वरचा थर चढला. चौथ्या दिवशी त्यावरचा. एवढ्याशा जागेनं काय व्हतंय, असं ती स्वतःला सांगत राहिली, आणि राहिलेली सगळी भिंत तिनं इतकी ठासून भरली की प्रूदेन म्हणाला, "तुज्यासारखं पोट भरणारा गवंडी बिस्काईतबी न्हाई."

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी हाटेल उघडलं. पोरं उतरली होती, चाळीसच्या वर. दाढ्या वाढलेल्या, अंगाला मेंढ्यांचा वास, सगळ्यांची नजर पश्चिमेकडं. दुपारी पाद्र्यानं भिंतीवर पाणी शिंपडलं. एका बाजूला बाकांवर गावातले बडे लोक बसले, त्यांत व्हिटकर आणि शाळेच्या कमिटीतले दोघे. प्रूदेननं लग्नातला काळा कोट घातला होता. कोपरं शिवलेली होती. तो बसला नाही, भिंतीच्या टोकाशी उभा राहिला, टोपी हातात घेऊन.

सिप्रियानो पुढं झाला. त्या मुलखातला सगळ्यात भारी हात त्याचा. चेंडू दोनदा जमिनीवर आपटला आणि हाणला. टण! चेंडू सरळ माघारी आला. पुन्हा टण! पोरं ओरडली. "वा रं भिंत! आपल्या गावच्या देवळाची भिंत हाय ही!"

प्रूदेनच्या डोळ्यांत पाणी आलं. कासिल्दानं ते लांबून बघितलं. लागू नये, आता तिथं लागू नये, ती पुटपुटायला लागली. सगळ्या संतांची नावं घेतली. सात डाव झाले. आठव्याला समोरच्या गड्यानं छातीच्या उंचीवर सपाटून मारला.

ढब.

चेंडू भिंतीला लागला आणि तिथंच खाली पडला. दोन वेळा टुणटुणला आणि थांबला. सिप्रियानो हात उगारून तसाच उभा. मग मागून कुणीतरी ओरडलं, "मेला!" आणि हशा पिकला.

पुन्हा मारला तिथंच. पुन्हा ढब.

प्रूदेन चालत भिंतीपाशी गेला. मधल्या बोटाच्या पेरानं वाजवत गेला. टण, टण, टण. ढब. डावीकडं ढब. उजवीकडं ढब. मग पुन्हा टण. त्या जागेवर त्यानं तळहात दाबून ठेवला. त्यानं मागं वळून कुणाकडंही बघितलं नाही. बघितलं असतं तर कासिल्दा तिथंच खाली बसली असती.

व्हिटकर उठून आला. "काय झालं? भिंत पोकळ आहे का?"

"दादा, गाभा कुणी भरला व्हता?" फेर्मिननं हळूच विचारलं.

"म्या," प्रूदेन म्हणाला. "त्या दिवशी म्या भरला. ध्यान नव्हतं माजं."

"तुझं ध्यान नव्हतं," व्हिटकर म्हणाला, आणि फेर्मिनकडं वळून, प्रूदेन तिथं नसल्यासारखा बोलला. "वरून दिसायला झकास आहे हो. पण उद्या या भिंतींच्या आत पन्नास लेकरं बसायची." त्यानं टोपी घातली. शाळेची गोष्ट तिथंच मिटली. पुढं शाळा झाली ती विटांची.

कासिल्दानं बेनिताकडं बघितलं. निदान तिचा चेहरा तरी पडलेला दिसावा. इतकं सगळं जळालं, तर तेवढी ऊब तरी मिळावी.

बेनिता हसत होती. कारण पोरं मैदानाबाहेर जायला तयारच नव्हती. सिप्रियानो ओरडत होता, "थांबा रं! ती जागा कुटपर्यंत हाय ते कळू द्या आदी!" एकानं कोळशानं भिंतीवर रेघ ओढली. दुसऱ्यानं पुसली. "खूण करू नगंस! ज्येला ठाव त्येला ठाव!" पैजा लागल्या. त्या मेल्या जागेवर नेमका चेंडू घालणं आणि समोरच्याला तोंडघशी पाडणं, असा पेलोटा कुणी आयुष्यात खेळलं नव्हतं. सूर्य मावळला तरी पोरं मारतच होती. आणि झाडून सगळी त्या रात्री तिथंच टेकली.

दुसऱ्या दिवशी प्रूदेन हत्यारं घेऊन भिंतीपाशी गेला. "फेर्मिन, चार फाड्या काढतो. दोन दिवसांत पुन्हा भरतो."

"हात लावायचा न्हाई!" बेनिता दारातून पळत आली. "भावजी, पाया पडते, हात लावू नगा. पोरं त्याच्यापायीच ऱ्हायलीत."

प्रूदेननं हत्यारं पिशवीत भरली. त्यानंतर त्या गावात त्यानं दगडाला टाकी लावली नाही, कुणी लाव म्हटलंही नाही. ऑक्टोबरात तो भावाच्या कळपामागं गेला, पगारी गडी म्हणून, तीन दिवसांच्या वाटेवरच्या खोऱ्यात. निघायच्या सकाळी कासिल्दानं त्याच्या पिशवीत पाव भरले आणि मग तिचा धीर सुटला.

"तो थर म्या भरला व्हता. मुद्दाम. झुडपं घातली आत."

"ठाव हाय," प्रूदेन म्हणाला. "हाताला कळलं."

"मग मला मारा तरी. कायतरी बोला."

त्यानं गाढवाचा पट्टा आवळला, पुन्हा सैल केला, पुन्हा आवळला. "जीव जळतो माणसाचा. माजाबी जळतो फेर्मिनवर, तुला काय वाटलं? पण म्या त्यो भिंतीत न्हाई घातला, कासिल्दा." एवढं बोलून तो गेला. वळणावरून एकदा हात केला, तेवढंच.

खोपटात एकटीचा हिवाळा निघेना. आणि हाटेलात बाया कमी पडत होत्या. नोव्हेंबरात कासिल्दा धाकटीच्या सैपाकघरात कामाला लागली. मोरी पश्चिमेच्या भिंतीला लागूनच होती. कढया घासताना ऐकू यायचं, टण, टण, टण, आणि मधेच ढब, आणि बाहेर चाळीस गळे एकदम. प्रत्येक ढबला तिच्या हातातली कढई थांबायची.

दूरदूरच्या खोऱ्यांतून पोरं यायला लागली. वरच्या अठरा खोल्या पुरेनात, फेर्मिननं गुत्त्यातही गाद्या टाकल्या. एका सणाच्या आदल्या दिवशी दुपारचा सैपाक उरकल्यावर बेनितानं दोन पेल्यांत वाईन ओतली, एक कासिल्दापुढं ठेवली आणि स्टूल ओढलं.

"बसा जाऊबाई. दमलात. म्या मेली तुमाला फार राबवते."

कासिल्दा बसली नाही.

"खरं सांगू?" बेनिता म्हणाली. "भिंत पोकळ निगाली त्या दिवशी आदी वाटलं, बुडालो. आन् बगा, तीच पावली. भावजी म्हणत्यात त्यांच्या हातनं झालं, पण मला न्हाई पटत. त्यांचा हात असा चुकायचा न्हाई." तिनं पेला उचलला. "कुणाच्याबी हातनं झालं असू दे, देव त्या हाताचं भलं करो."

बाहेर चेंडू ढब वाजला आणि पोरं ओरडली. बेनिता हसली, आणि एका घोटात पेला रिकामा करून पोरांना वाढायला निघून गेली.

कासिल्दानं स्वतःचे हात बघितले. बोटांच्या भेगा भरल्या होत्या, चुना उतरला होता, साबणानं कातडी पांढरी झाली होती. मग तिनं बाही वर केली आणि पाण्यातली पुढची कढई काढली. अजून अकरा उरल्या होत्या.